नव्या ऑफिसात कॉम्प्युटर हाती आला की आधी हे करा

गेली पंधरा वर्षं मी तालुक्याच्या गावातल्या लहान-लहान ऑफिसांची मशीन सांभाळतो. करसल्लागार, पतसंस्था, शाळेचं कार्यालय, डीटीपीची दुकानं. "दादा, मशीन फार हँग होतंय, येऊन जाता का?" असा फोन येतो, जाऊन बघावं तर व्हायरस. तो लांबच्या देशात बसलेल्या कुणी भिंत फोडून आत घातलाय, असं क्वचितच होतं. ऑफिसातल्याच कुणीतरी, चांगल्या मनाने, घाईत 'येस' दाबलेलं असतं.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मस्टर कुठे, शिक्के कुठल्या ड्रॉवरात, साहेब किती वाजता येतात हे सगळं सांगतात. कॉम्प्युटरबद्दल एवढंच सांगतात, "जपून वापरा." हा सल्ला मला बिनकामाचा वाटतो. 20 तारीख आहे, जीएसटीचं रिटर्न आज गेलंच पाहिजे, पोर्टल नुसतं गोल फिरतंय, समोर तीन पार्ट्या बसल्यात. अशा वेळी जपायला सवड कुणाला असते? हात सवयीने चालतो. म्हणून आधी मशीन असं लावून घ्यायचं की हात चुकला तरी नुकसान थोडक्यात आटोपेल, आणि मग सवयींकडे वळायचं. त्याच क्रमाने सांगतो. मालवेअर हा नेमका शब्द असला तरी ऑफिसात सगळे व्हायरसच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मोठ्या कंपनीत आयटीचा विभाग असेल तर पहिल्या चार पायऱ्या त्यांच्या अखत्यारीतल्या आहेत. तिथे स्वतः सेटिंग बदलू नका, विचारा. लहान ऑफिसात मात्र साहेबांच्या परवानगीने बहुधा तुम्हालाच करावं लागेल.

पायरी 1: फाइलचं आडनाव दिसू द्या

प्रत्येक फाइलच्या नावामागे टिंब देऊन एक आडनाव असतं. पीडीएफ म्हणजे कागद, जेपीजी म्हणजे फोटो, ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. विंडोज हे आडनाव मुळातच लपवून ठेवतं आणि तिथेच घात होतो. 4 मे 2000 रोजी जगभरच्या ऑफिसांत 'आय लव्ह यू' अशा विषयाची ईमेल पोचली. सोबतच्या फाइलच्या नावात शेवटी दोन आडनावं होती: टीएक्सटी आणि त्यामागे व्हीबीएस. खरं आडनाव व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण विंडोजने ते लपवलं आणि लोकांना ती साधी मजकुराची फाइल दिसली. उघडताच ती त्यांच्या आउटलुकमधल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवून मोकळी झाली. पंचवीस वर्षं उलटून गेली, आजही नवं मशीन आणलं की आडनावं लपलेलीच असतात.

विंडोज 11 मध्ये कुठलंही फोल्डर उघडा, वर 'व्ह्यू' दाबा, खाली 'शो'मध्ये जा आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. विंडोज 10 मध्ये 'व्ह्यू'च्या पट्टीतच ही टिक मिळेल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. यानंतर 'जुलै बिल डॉट पीडीएफ' म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी ईएक्सई दिसलं, तर ते बिल नाही. ईएक्सईसारखीच एससीआर, बीएटी, व्हीबीएस, जेएस ही आडनावंही ईमेलमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आली तर उघडायची नाहीत.

यात एक पळवाट मात्र उरते. शॉर्टकटचं आडनाव हे सेटिंग चालू केलं तरी दिसत नाही. तो ओळखायचा चित्राच्या कोपऱ्यातल्या छोट्या बाणावरून. पेनड्राइव्हच्या पायरीत या बाणाचं काम पडणार आहे.

पायरी 2: रोजच्या कामाला मालकाचं खातं वापरू नका

बहुतेक लहान ऑफिसांत एकच 'अ‍ॅडमिन' खातं असतं, त्याला पासवर्ड नसतो किंवा असला तर मॉनिटरवर चिकटवलेला असतो, आणि सगळे त्यावरच बसतात. म्हणजे घराच्या, कपाटाच्या आणि तिजोरीच्या किल्ल्या एकाच जुडग्यात घालून ते जुडगं दारातल्या खिळ्याला टांगणं.

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स असं जाऊन रोजच्या कामासाठी नवं खातं तयार करा. ते आपोआप 'स्टँडर्ड' प्रकारचं होतं. त्यातून टॅली, एक्सेल, प्रिंट, पोर्टल सगळं चालतं. पण मशीनमध्ये मुळापासून काही बदलायची वेळ आली की विंडोज अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. तो पासवर्ड साहेबांकडे किंवा मशीन सांभाळणाऱ्याकडे असू द्या. रिटर्न भरताना मध्येच अचानक पासवर्ड मागितला गेला, तर तुम्ही न सांगता काहीतरी बसू पाहतंय. एवढी जाग आली तरी अर्धं काम झालं.

याने सगळं वाचतं असं मात्र नाही. तुमच्या खात्यातून तुम्हाला ज्या फाइली लिहिता-पुसता येतात, त्या व्हायरसलाही लिहिता-पुसता येतात. म्हणून चौथी पायरी.

पायरी 3: अपडेट रात्रीवर टाका, उद्यावर टाकू नका

"आत्ता नको, नंतर" हे बटण दाबण्याची सवय फार महागात पडते. 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीच्या, म्हणजे फाइलींना कुलूप लावून पैसे मागणाऱ्या, व्हायरसने विंडोजमधल्या ज्या भगदाडातून उडी मारली, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिलं होतं. हल्ला झाला 12 मे रोजी. मधले 59 दिवस ज्यांनी 'नंतर' दाबलं, त्यांच्या फाइलींना कुलूप लागलं. ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयंसुद्धा त्यात अडकली, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

पुढच्याच महिन्यात हे आपल्या दारात आलं. 27 जूनला 'नॉटपेट्या' पसरला आणि न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं, मर्स्क या जहाजकंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. तो व्हायरस आत शिरला होता युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आत आल्यावर पसरला तो त्याच जुन्या भगदाडातून आणि मशीनमधून चोरलेल्या पासवर्डांवर. एका जुनाट मशीनमुळे अपडेट केलेली मशीनही गेली. मर्स्कला दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, हे कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर सांगितलं.

आपल्यापुरतं काम सोपं आहे. विंडोज अपडेटमध्ये 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' सकाळी 9 ते रात्री 8 लावून टाका, म्हणजे कामाच्या मध्ये ते मशीन बंद-चालू करणार नाही. शनिवारी निघताना 'अपडेट अँड शटडाउन' दाबा. विंडोज 7 चं अपडेट 14 जानेवारी 2020 ला थांबलं, विंडोज 10 चं नेहमीचं अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला. अजूनही अशी मशीन ऑफिसात असतील तर साहेबांना हे एकदा लिहून द्या. "चालतंय ना मस्त" हे उत्तर मिळेल, तरी द्या.

पायरी 4: बॅकअप, आणि त्याची वायर काढलेली

बॅकअपची हार्ड डिस्क मशीनला कायम जोडून ठेवायची ही सवय मला सगळ्यात जास्त ऑफिसांत दिसते. खंडणीचा व्हायरस आला की तो सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, जोडलेली डिस्क, लॅनवर (ऑफिसातल्या मशीनना जोडणाऱ्या जाळ्यावर) शेअर केलेलं फोल्डर, जिथे पोचता येईल तिथे कुलूप लावत जातो. बॅकअपला कुलूप लागलं की बॅकअप उरलाच नाही. दोन डिस्क घ्या. एकीवर सोमवारी, दुसरीवर गुरुवारी कॉपी करा, वायर काढा, कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी फाइल उघडून बघा, कारण कॉपी झाली असं वाटणं आणि ती उघडणं यात फरक असतो. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर असेल तर चांगलंच. फक्त कुलूप लागलेल्या फाइलीसुद्धा तिथे इमानेइतबारे चढतात, तेव्हा जुनी आवृत्ती कशी परत आणायची ते आधीच शिकून ठेवा.

पायरी 5: झेरॉक्सच्या दुकानाला वेगळी पेनड्राइव्ह

"दादा, पेनड्राइव्ह रिकामी झाली हो, आत नुसता एक शॉर्टकट दिसतोय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की फोनवरच कळतं, सकाळी कोणीतरी प्रिंट काढायला खाली जाऊन आलंय.

नेमकं काय दिसतं ते सांगतो. पेनड्राइव्ह उघडली की तुमच्या फाइलींच्या जागी एकच चित्र असतं, पेनड्राइव्हचंच नाव दिलेलं, कोपऱ्यात तो छोटा बाण. माणूस सवयीने त्यावर डबल क्लिक करतो. लगेच एक खिडकी उघडते आणि आत सगळ्या फाइली जागच्या जागी! जीव भांड्यात पडतो. पण त्याच क्लिकने मागे एक लहानसा प्रोग्रॅम चालू झालेला असतो, तो आता तुमच्या मशीनमध्ये घर करून बसला, आणि यापुढे या मशीनला लागणारी प्रत्येक पेनड्राइव्ह अशीच होणार. फाइली कधी गेलेल्याच नसतात, त्या लपवलेल्या असतात. म्हणून घाबरून फॉरमॅट मारू नका. कशावरही क्लिक न करता ड्राइव्हच्या चित्रावर राइट क्लिक करून 'स्कॅन विथ मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' चालवा. स्कॅन झाल्यावरही फाइली दिसल्या नाहीत तर जाणत्या माणसाला बोलवा. 'अ‍ॅट्रिब' नावाची एक ओळीची आज्ञा दिली की त्या पुन्हा दिसू लागतात.

झेरॉक्सवाल्याचा यात दोष नाही. दिवसभर गावभरच्या पेनड्राइव्ह त्याच्या मशीनला लागतात, त्याने तरी किती बघावं. आपण आपली सोय करायची. बाहेर न्यायची पेनड्राइव्ह वेगळी ठेवा, तिला लाल दोरा बांधा. तिच्यात जेवढं छापायचं तेवढीच पीडीएफ घाला, मूळ फाइल कधीच नाही. परत आल्यावर स्कॅन करा, आणि आत जपण्यासारखं काही नसतंच, तेव्हा ही मात्र बिनधास्त फॉरमॅट मारा. पार्टीने आणलेली पेनड्राइव्ह असेल तर, "ईमेल करता का, म्हणजे नोंद राहील," असं म्हणावं. कुणाला वाईट वाटत नाही.

पायरी 6: ईमेलमधली फाइल

वर्डची किंवा एक्सेलची फाइल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येते. 'एनेबल एडिटिंग' आणि कधी त्यानंतर 'एनेबल कंटेंट'. बरेच जण ही पट्टी म्हणजे डोळ्यापुढची माशी समजून हाकलतात. दुसऱ्या बटणाचा अर्थ असा, की या फाइलीत लपलेला प्रोग्रॅम चालू करू का? बाहेरून आलेल्या बिलाला, कोटेशनला, बायोडेटाला प्रोग्रॅम कशाला लागतो? 2022 पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले असे प्रोग्रॅम आपोआप अडवू लागलं. तेव्हापासून चोरांनी वाट बदलली. आता झिप फाइल येते, तिला पासवर्ड असतो, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिलेला असतो. कुलूप लावून किल्ली सोबत देण्याचं कारण एकच: वाटेतल्या तपासणीला ती झिप उघडून बघता येऊ नये.

"पण बँकेचं स्टेटमेंटही पासवर्डचंच येतं," असं मला एकदा एका ताईंनी विचारलं. बरोबर आहे. फरक बघा. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. बँकाही असंच काहीतरी ठेवतात. ते पासवर्ड कसा बनतो ते सांगतात, पासवर्ड स्वतः लिहून देत नाहीत, कारण तो तुम्हालाच माहीत असतो.

ओळखीच्या पत्त्यावरून आलं म्हणून फाइल ओळखीची होत नाही. 2000 सालची ती ईमेलही लोकांना ओळखीच्यांकडूनच आली होती. न मागितलेली फाइल आली की फोन उचलायचा: "नमस्कार, तुमच्याकडून आत्ता एक फाइल आलीय, तुम्हीच पाठवलीत ना?" फोन जुन्या डायरीतल्या नंबरवर करा, त्या ईमेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेबलाही हेच लागू.

पायरी 7: क्रॅक

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं.

2019 चा ऑक्टोबर, विधानसभेची निवडणूक तोंडावर. एका डीटीपीच्या दुकानात दिवसरात्र पत्रकं आणि पत्रिका चालू होत्या. डिझाइनचं एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, ऑपरेटर मुलाने नेटवरून त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालावी म्हणून फोडलेली प्रत, उतरवला. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं, 'इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा.' त्याने केला. सॉफ्टवेअर उत्तम चाललं. संध्याकाळी मालकांनी फोन केला, "दादा, एकही फाइल उघडत नाहीये." जाऊन पाहिलं तर प्रत्येक फाइलच्या नावामागे एक नवंच, न वाचता येणारं आडनाव लागलेलं, आणि प्रत्येक फोल्डरात 'रीडमी' नावाची मजकुराची फाइल: 980 डॉलर द्या, 72 तासांत दिलेत तर 490. आठ वर्षांचं काम त्या मशीनवर होतं. बॅकअपची डिस्क जोडलेलीच होती. पैसे दिले नाहीत, आणि दिले असते तरी फाइली मिळाल्याच असत्या याची हमी कुणी घेत नाही. परत मिळालं ते एवढंच, जे गिऱ्हाइकांना दाखवायला ईमेल केलं होतं. तीन रात्री आम्ही 'सेंट'च्या फोल्डरातून एकेक पीडीएफ उतरवत बसलो. तो मुलगा कोपऱ्यात उभा होता, रडवेला. त्याला कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

'अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना जिथे दिसेल तिथून परत फिरा, मग ते सॉफ्टवेअर असो, विंडोज फुकट अ‍ॅक्टिव्हेट करून देणारं टूल असो की फॉन्टचा गठ्ठा. मराठी टायपिंगसाठी तर क्रॅक लागतच नाही. विंडोजमध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे सुंदर फॉन्ट मोफत आहेत. पत्रांना लिबरऑफिस, फोटोला गिंप, चित्रांना इंकस्केप. सवय व्हायला पंधरा दिवस जातात, मान्य.

पायरी 8: ब्राउझरमधल्या लहान-मोठ्या खोड्या

फॉर्म शोधताना अनोळखी साइटवर 'मी रोबो नाही' अशी खिडकी येते. चित्रं निवडायला सांगण्याऐवजी ती म्हणते: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. गेल्या दोनेक वर्षांत ही युक्ती फार चालली आहे. तुम्ही खिडकीवर क्लिक केलंत तेव्हाच त्या साइटने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. तुम्ही ती स्वतःच्या हाताने पेस्ट करून चालवता. कुठल्याही खऱ्या साइटला ती 'रन'ची खिडकी कधीच लागत नाही.

स्क्रीनभर लाल सूचना, कर्कश आवाज, 'या नंबरवर फोन करा'. फोन करायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा, बस. फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखं, लांबून आपलं मशीन चालवू देणारं, काहीही उतरवायचं नाही, तो बँकेतून बोलतो म्हणाला तरीही.

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवण्याबद्दल: जीएसटी, बँक, डिजिटल सही यांचे तरी साठवू नका. आता असे व्हायरस आहेत जे मशीनमध्ये थांबतही नाहीत. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड उचलतात आणि निघून जातात. डिजिटल सहीचं टोकन काम झालं की काढून ड्रॉवरात ठेवा.

पायरी 9: चुकून क्लिक झालंच तर

झिप उघडली, काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, काहीच झालं नाही. हे 'काहीच झालं नाही' म्हणजेच झालंय.

पहिलं काम, नेटची वायर ओढा, वायफाय बंद करा. दुसरं, जोडलेली डिस्क आणि पेनड्राइव्ह काढा. मशीन लगेच बंद करू नका, तपासायला खुणा राहतात. नेट तोडता येतच नसेल तरच बंद करा. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या, वेळ लिहा. मग सांगा, लगेच. त्यानंतर दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून पासवर्ड बदला; त्याच मशीनवरून बदललेत तर नवेही चोराच्या हाती जातील. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याच तासात. मशीन साफ करायची मोफत टूल सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर आहेत, आणि खंडणीवाल्या काही व्हायरसांच्या किल्ल्या युरोपोल (युरोपातली पोलीस संघटना) आणि डच पोलिसांनी इतरांसोबत 2016 मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या साइटवर मोफत मिळतात. सगळ्यांच्या नाही.

सांगण्याबद्दल साहेब लोकांनाही हात जोडून सांगतो, त्या क्षणी ओरडू नका. ओरडा बसला की पुढच्या वेळी पोर गप्प बसतं, आणि व्हायरसला लॅनवरून पसरायला अख्खी दुपार मिळते. एका पतसंस्थेत महिन्यापूर्वीच लागलेल्या मुलीने अशी झिप उघडली. काळी खिडकी दिसताच तिने वायर ओढली आणि उठून म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून काहीतरी चुकीचं उघडलं गेलंय." मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि मला फोन लावला. त्या संध्याकाळी मी एकच मशीन फॉरमॅट मारून निघालो. बाकीची पाच दुसऱ्या दिवशी दहा वाजता नेहमीसारखी सुरू झाली.